टेम्पो ट्रॅव्हलरमधलं गरम पाणी आणि शॉवर: टाकी पास, मोरी नापास

ट्रॅव्हलरची कॅम्पर करून मागितली की बेळगावच्या उद्यमबागेकडच्या वर्कशॉपांत अंघोळीसाठी साधारण एकच संच पुढं केला जातो. २० लिटरची स्टेनलेस टाकी, तिच्यात इंजिनच्या कूलंटची (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाची) कॉइल म्हणजे नळीचं वेटोळं, जोडीला पाणी तापवायचं २३० व्होल्टवर चालणारं ७५० वॉटचं एलिमेंट, १२ व्होल्टचा डायफ्राम पंप, ७०० बाय ७०० मिलिमीटरचा एफआरपीचा (फायबरचा) शॉवर ट्रे, एसीपी (ॲल्युमिनियम कॉम्पोझिट) शीटच्या भिंती आणि गाडीखाली ५० लिटरची सांडपाण्याची टाकी. हे परीक्षण अशाच एका बसवलेल्या संचाचं आहे. वर्कशॉपचं नाव घालत नाही. चुका त्या एकट्याच्या नाहीत, साचाच तसा पडलाय. निकाल आधीच सांगून टाकतो: पाणी तापवायचं काम झकास, ते पाणी अंगावरून खाली पडल्यानंतरचं काम कच्चं.

टाकीपासून सुरू करू. एक लिटर पाणी एक अंश सेल्सिअसनं तापवायला १.१६ वॉट-तास लागतात. म्हणजे २० लिटर पाणी २२ वरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ८८५ वॉट-तास. ही वीज बॅटरीतून काढायची तर इन्व्हर्टरची घट धरून हजार मोजावे लागतात. १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी पूर्ण भरलेली असताना देते १,२८०. एकदा पाणी तापवलं की फ्रिज, पंखा, दिवे सगळे उपाशी. इंजिनाला मात्र ही उष्णता टाकूनच द्यायची असते. जळलेल्या डिझेलमधला मोठा वाटा रेडिएटरमधून वाऱ्यावर जातो आणि कूलंट ८० ते ९० अंशांवर फिरत राहतो. तोच टाकीतल्या कॉइलमधून फिरवला की अर्ध्यापाऊण तासाच्या ड्रायव्हिंगमध्ये पाणी ७० च्या आसपास जातं. निपाणीहून निघालं तर बेळगाव यायच्या आधी टाकी तयार. चोर्ल्याच्या बाजूचे चढउतार असतील तर त्याहून लवकर. जुना तांब्याचा बंब आठवावा: मधे जाळ, भोवती पाणी. इथं जाळाच्या जागी कूलंट आहे, एवढंच.

७० अंशांचं २० लिटर पाणी गार पाण्यात मिसळून ४० अंशांचं केलं तर हिशेबानं ५३ लिटर होतं. हातात तेवढं येत नाही, कारण वरून गरम पाणी निघतं तसं खालून गार शिरतं आणि आत थोडं मिसळतंच. ४० लिटर धरावं. मिनिटाला ४ लिटरचा हँड शॉवर असेल तर दहा मिनिटं, म्हणजे साबण लावताना नळ बंद करणाऱ्या तीन माणसांची अंघोळ. घरचा ९-१० लिटरचा शॉवर लावला तर एकाच माणसात टाकी रिकामी. या संचात दांड्यावर बटण असलेला हँड शॉवर दिलाय, तो योग्य आहे. पण त्या बटणाची एक खोड आहे, ती पुढं सांगतो.

टाकीवर ४० मिलिमीटरचा पीयू फोम आहे. तेवढा असला तर रात्रभरात दहाएक अंशांपेक्षा जास्त उतरू नये. तरीही सकाळी पाणी कोमट निघतंय अशी तक्रार या प्रकारच्या टाक्यांबद्दल नेहमी येते, आणि दोष फोमला दिला जातो. दोष बहुतेक वेळा होजचा असतो. टाकी तापलेली आणि इंजिन गार झालेलं असलं की कूलंट उलटा फिरायला लागतो: गरम कूलंट वर चढतो, गार त्याच्या जागी येतो आणि टाकीतली उष्णता रातोरात इंजिन ब्लॉकमध्ये जाऊन बसते. टाकीतून निघालेल्या होज लगेच वर नेल्या की हे हमखास होतं. दोन्ही होज टाकीपासून आधी फूटभर खाली उतरवून मग पुढं न्यायच्या, किंवा एका होजवर बॉल व्हॉल्व्ह घालून मुक्कामी तो बंद करायचा. इथं व्हॉल्व्ह होता, पण ड्रायव्हर सीटच्या मागच्या पॅनेलच्या आत. चार स्क्रू काढल्याशिवाय हात पोचत नाही. कशाला मग तो?

होज १६ मिलिमीटरची, ईपीडीएम या उष्णता सोसणाऱ्या रबरची हीटर होजच हवी. बागेला पाणी घालायची नळी किंवा जाळीची पीव्हीसी ९० अंशांना मऊ पडते आणि क्लिपमधून सुटते. गाडीला केबिन हीटर असेल तर त्याच्या जाणाऱ्या-येणाऱ्या होजवर पितळी टी मारून जोड घेता येतो. नसेल तर जोड कुठून घ्यायचा ते त्या इंजिनवर हात बसलेल्या मेकॅनिकलाच ठरवू द्यावं, बॉडीवाल्याला नाही. टाकी कूलंटच्या बाटलीपेक्षा खाली बसली पाहिजे. वर बसली तर कॉइलमध्ये हवा अडकते, टाकी तापत नाही, आणि ती हवा सुटून इंजिनकडं गेली तर गाडीच तापते. सगळ्यात उंच जागी हवा काढायचा स्क्रू द्यायला सांगा. जोडल्यावर इंजिन गरम करून, गार झाल्यावर, कूलंटची पातळी दोनतीनदा तपासून भरावी लागते. ती वाढलेली लांबी आणि कॉइल मिळून लिटर-दीड लिटर कूलंट जास्त लागतो; गाडीत आहे त्याच ग्रेडचा घालायचा, साधं पाणी ओतून वेळ मारायची नाही.

आता कॉइल. हा या संचाचा जीव आहे, आणि धोकाही तिथंच. कूलंटमध्ये एथिलीन ग्लायकॉल असतं, ते विषारी आहे. कॉइलला बारीक छिद्र पडलं तर काय होतं ते समजून घ्या. पंप चालू असताना नळाच्या पाण्याचा दाब अडीच-तीन बारपर्यंत असतो, कूलंटचा एक बारच्या आसपास. म्हणून पाणी कूलंटमध्ये घुसतं आणि कूलंटच्या बाटलीची पातळी आपोआप वाढायला लागते. पंप बंद करून, नळ उघडून दाब सोडला की उलटं: कूलंट अंघोळीच्या पाण्यात. त्यामुळं न भरता बाटलीची पातळी वाढलेली दिसली तर टाकी ताबडतोब सर्किटमधून काढायची. स्वयंपाकाच्या किंवा पिण्याच्या नळाला ही टाकी कधीच जोडू नये. या संचात सिंकला गरम पाण्याचा नळ देण्याची तयारी वर्कशॉपनं दाखवली होती, नको म्हणावं.

टाकी आणि कॉइल दोन्ही ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसची आहेत. वेल्डिंग आर्गन वायूचं, शिवण बाहेरून देखणी. पण आतून? टाकी बंद करायच्या आधी आतली शिवण बघायला मागा. आत काळसर, करपल्यासारखी पपडी दिसली तर वेल्डिंग करताना आतून आर्गन सोडलेला नाही, आणि गंज तिथूनच सुरू होणार. बेळगाव शहराला येणारं राकसकोप धरणाचं नळाचं पाणी भरून फिरणाऱ्याला ३०४ चालून जाईल. अथणी, रायबाग, सौंदत्तीकडच्या बोअरचं जड, खारट पाणी भरायची वेळ येणार असेल तर ३१६ एल हा वरचा ग्रेड सांगा. क्लोराइड आणि उष्णता एकत्र आली की ३०४ वेल्डच्या कडेनं टोचल्यासारखं पोखरतं. उद्यमबागेत हायड्रॉलिकची कामं चालतात, त्यामुळं हातपंपानं दाब देऊन टाकी तपासणं अवघड नाही. टाकी आणि कॉइल वेगवेगळी, पाण्यानंच, ६ बारला अर्धा तास. काटा हलता कामा नये. हवेनं तपासणी करू देऊ नका, टाकी फुटली तर माणूस जायबंदी होतो.

सेफ्टीच्या बाबतीत वर्कशॉपनं हात आखडता घेतलाय. २० लिटर पाणी २० वरून ८० अंशांवर गेलं की अर्ध्या लिटरनं फुगतं. गार पाण्याच्या वाटेवर एनआरव्ही (एकाच दिशेनं पाणी जाऊ देणारा व्हॉल्व्ह) असल्यानं ते मागं जाऊ शकत नाही. म्हणून टाकीवर सेफ्टी व्हॉल्व्ह लागतो, आणि त्यासोबत एक-दोन लिटरची एक्स्पान्शन व्हेसल, म्हणजे फुगलेलं पाणी सामावून घेणारी, आत हवा भरलेली छोटी टाकी. इथं व्हेसलच नाही. परिणाम असा की इंजिन चालू असताना व्हॉल्व्ह ठिबकत राहतो, आणि त्याची नळी सोडलीय कपाटात! विचारलं तर उत्तर तयार असतं, "काय हुत न्हाई साहेब, थेंबथेंबच तर येतंय." थेंबाथेंबानंच प्लाय कुजतो. नळी फ्लोअरमधून खाली, उघड्यावर काढा. व्हेसलमधली हवा पंप ज्या दाबाला सुरू होतो त्याहून किंचित कमी भरायची. ती व्हेसल पंपाचा धडधडाटही कमी करते, हा फायदा वेगळाच.

दुसरी राहिलेली वस्तू म्हणजे थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह, म्हणजे गरम-गार मिसळून ठरवलेल्याच तापमानाचं पाणी पुढं सोडणारा व्हॉल्व्ह. ही गंभीर उणीव आहे. घरातला गीझर ६० च्या आसपास कट होतो. कूलंटवर तापणाऱ्या या टाकीला तसा कटऑफ नसतो, लांबच्या प्रवासात पाणी ८० पर्यंत जातं. ६० अंशांच्या पाण्यानंही काही सेकंदांत कातडी भाजते. लहान मूल नळ फिरवणार असेल तर साध्या मिक्सरवर भागवणं गुन्हा आहे. टाकीच्या तोंडाशीच मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवून तो ४२ ते ४५ वर लावायचा. घेताना त्याचा किमान प्रवाह बघा: बऱ्याच स्वस्त व्हॉल्व्हना मिनिटाला ५ लिटरच्या खाली नीट चालता येत नाही, आणि आपला शॉवर ४ लिटरचा. मग पाणी कधी गार, कधी कढत असं झोके घेतं.

आता त्या बटणाची खोड. दांड्यावरचं बटण दाबून शॉवर थांबवला की मिक्सर मात्र उघडाच राहतो. त्या वेळी गरम आणि गार बाजू मिक्सरमधून एकमेकींना जोडलेल्या असतात. गरम पाणी गार पाइपमध्ये सरकतं, पुन्हा बटण दाबल्यावर पहिला फवारा भलत्याच तापमानाचा येतो. मिक्सरमध्ये येणाऱ्या दोन्ही वाटांवर एकेक एनआरव्ही घातला की प्रश्न मिटतो. दोन छोटे फिटिंग, पण कोटेशनमध्ये नव्हते.

विजेची बाजू त्या मानानं नीट केलीय. ७५० वॉटचं एलिमेंट हा शहाणपणाचा आकडा आहे. घरच्या १५ लिटरच्या गीझरमधलं २,००० वॉटचं एलिमेंट १२ व्होल्टच्या बॅटरीतून १७५ अँपिअरच्या वर ओढतं; ७५० वॉटचं ६७ च्या आसपास. लॉजच्या आवारात किंवा ओळखीच्यांच्या अंगणात साध्या सॉकेटवर लावलं तर सव्वातीन अँपिअर, सव्वा तासात पाणी तयार. बॅटरीवर चालवायचंच असेल तर किमान २०० अँपिअर-तासांची लिथियम हवी. घरच्या इन्व्हर्टरची १५० ची ट्यूब्युलर बॅटरी यात घालू नका, एका अंघोळीत ती अर्ध्याखाली जाते आणि रोज असं झालं की लवकरच मरते. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) बसवलाय, छान. मात्र त्याचं टेस्ट बटण दाबून तो पडला म्हणजे इन्व्हर्टरवर असतानाही तो वाचवेल, असं नाही. बटण आतल्या आतच गळती दाखवतं. इन्व्हर्टरच्या बाजूचं न्यूट्रल आणि गाडीच्या बॉडीचं अर्थिंग नीट जोडलेलं नसेल तर खऱ्या गळतीला तो ढिम्म हलणार नाही. हे काम इलेक्ट्रिशियनकडून मीटर लावून तपासून घ्या. टाकीत पाणी नसताना एलिमेंट चालू झालं तर जळतं, म्हणून त्याचा स्विच पंपाच्या स्विचपासून लांब आणि लाल दिव्याचा असावा.

याऐवजी भिंतीवरचा छोटा गॅस गीझर बसवून घ्या, स्वस्तात पडेल, असा सल्ला देणारे भेटतात. ऐकू नका. मिनिटाला ६ लिटरचा गॅस गीझर पाच मिनिटं जळताना सुमारे एक घनमीटर हवा खातो. ७०० बाय ७०० चं शॉवर केबिन छतापर्यंत धरलं तरी आत हवा एक घनमीटरपेक्षा कमीच भरते. ऑक्सिजन कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, आणि माणूस शुद्ध हरपेपर्यंत काही कळत नाही. बंद बाथरूममध्ये असे मृत्यू आपल्याकडं झालेले आहेत. गॅसवर पाणी तापवायचंच असेल तर बाहेरून हवा घेऊन बाहेरच धूर सोडणारा, गाडीसाठीच बनवलेला बॉयलर लागतो. ट्रुमा कॉम्बीसारखी युरोपीय यंत्रं तशी असतात, पण त्यात केबिन गरम करायचे आणि ३ अंशांच्या आसपास पाणी आपोआप सोडून द्यायचे पैसे मोजलेले असतात. खानापूरच्या थंडीत स्वेटर पुरतो.

आता मोरी. ट्रेची फायबर जाड आहे, पाय दिला तर लवत नाही. पण ड्रेन एकच, तोही मधोमध, आणि उतार चारही बाजूंनी जेमतेम. घरात हे चालतं. गाडी मात्र कधीच सपाट उभी राहत नाही. तिलारीकडं उतरताना रस्त्याच्या कडेला लावली तर पाणी एका कोपऱ्यात साठून उंबऱ्यावरून आत येतं. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत दोन ड्रेन, आणि दोन्ही खाली एकत्र, हाच उपाय. उंबरा ८० मिलिमीटरपेक्षा कमी नको. ड्रेनचा पाइप ३२ मिलिमीटरचा, मीटरला २० ते २५ मिलिमीटर उतार. या गाडीत २५ चा पाइप टाकलाय आणि मधे सरळ ९० चा एल्बो. केसांचा बोळा तिथंच अडकणार. एल्बोऐवजी ४५ चे दोन बेंड घ्यावेत.

वास येऊ नये म्हणून खाली घरचा नहाणी ट्रॅप लावलाय. त्यातलं पाणी पहिल्याच घाटात हिंदकळून निघून जातं आणि सांडपाण्याच्या टाकीचा वास वर येतो. रबरी जिभेचा, बिनपाण्याचा ट्रॅप मिळतो. तो आडवा बसतो, उंचीही कमी खातो.

भिंत आणि ट्रेचा जोड हा या कामाचा सगळ्यात कच्चा भाग. एसीपी शीट ट्रेवर टेकवून वरून सिलिकॉनची बारीक रेघ ओढलीय. नवीन असताना सुरेख दिसते. गाडी चालताना बॉडी पिळवटते, ट्रे माणसाच्या वजनानं खाली दबतो, आणि रेघ एका कडेनं सुटते. पाणी प्लायच्या मागं उतरतं, प्लाय फुगतो, खाली पत्रा गंजतो, आणि वास यायला लागेपर्यंत बाहेर काहीच दिसत नाही. बरोबर रीत अशी: ट्रेची कड वर वळलेली हवी, शीट त्या कडेच्या पुढून, आतल्या बाजूला उतरली पाहिजे. दोघांत ५ ते ६ मिलिमीटर फट ठेवायची. ट्रेमध्ये पाण्यानं भरलेले कॅन ठेवून तो दाबलेल्या अवस्थेत असताना फट भरायची आणि दुसऱ्या दिवसापर्यंत वजन काढायचं नाही. भरायला पीयू सीलंट किंवा न्यूट्रल सिलिकॉन. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन पत्र्याला गंज आणतं. ट्रेच्या तळाखाली पोकळी राहू देऊ नये, फोम किंवा प्लायच्या पट्ट्यांनी तो पूर्ण टेकवावा. ट्रेमधून स्क्रू मारलेला दिसला तर काम तिथंच थांबवा. ताबा घेण्याआधी ड्रेन बंद करून ट्रे काठोकाठ भरा, तासभर ठेवा, आणि खालून टॉर्च मारून बघा.

वाफ काढायला पंखा नाही. छताला १२ व्होल्टचा ओलावा सोसणारा पंखा आणि दाराखाली १५ मिलिमीटरची फट, एवढ्यानं भागतं. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात हा पंखा नसेल तर अंथरुणसुद्धा दमट होतं.

पाइप सगळे सीपीव्हीसीचे, सोल्युशननं चिकटवलेले. पाइपला उष्णता सोसते, जोडाला धक्के सोसत नाहीत. पितळी फिटिंगला लागून असलेला एल्बो आधी तडकतो. सोलर हीटरला वापरतात तो कॉम्पोझिट पाइप पितळी कॉम्प्रेशन फिटिंगसह इथल्या बाजारात सहज मिळतो. तोच घ्या, दर फूटभरावर क्लॅम्प मारा, आणि पंपाच्या दोन्ही बाजूंना हातभर लवचीक नळी ठेवा.

भाव इथं देत नाही. गाडीचा व्हीलबेस आणि टाकीची जागा बघून तो बदलतो. पण कोटेशन एकरकमी घेऊ नका. टाकीचा ग्रेड, दाबाच्या तपासणीचा कागद, मिक्सिंग व्हॉल्व्ह, एक्स्पान्शन व्हेसल, ट्रॅप आणि पाइपचा प्रकार वेगवेगळ्या ओळीत लिहून मागा. गाडीत असा बदल करायला मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं गाडी जिथं नोंदलीय त्या कार्यालयाची परवानगी लागते. केए-२२ ची गाडी असेल तर बेळगावात, केए-२३ असेल तर चिकोडीत. कोल्हापूरच्या एमएच-०९ च्या गाडीचं परवानगीचं काम इथं होणार नाही. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. वर्कशॉपला ते माहीत आहे का, हे पहिल्याच भेटीत विचारा.

शेवटी एक गोष्ट, जी बोल्ट कसायच्या आधीच बघावी लागते. एलिमेंटचा फ्लँज, म्हणजे ते टाकीला बोल्टनं जोडणारी चकती, या गाडीत भिंतीकडं तोंड करून बसवलाय. जड पाण्यात एलिमेंटवर क्षारांचा खडूसारखा थर चढतो, वर्षा-दोन वर्षांत तो काढावाच लागतो: टाकी गार करून, लिटरला ३० ग्रॅम लिंबूसत्त्व घातलेलं कोमट पाणी दोन तास भरून ठेवायचं, मग दोनदा धुवायचं, आणि तरी निघाला नाही तर फ्लँज उघडायचा. त्यासाठी एलिमेंटच्या लांबीएवढी, साधारण फूटभर मोकळी जागा समोर हवी. टाकी उलटी फिरवून बसवली असती तर ती जागा दाराच्या बाजूला मिळाली असती, खर्च एक रुपयाही न वाढता.